बिनकलमी महाळुंग

दफनभूमीतून परतलेल्या माणसाने घरात पाऊल टाकण्याआधी हात धुवायचे असतात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दाराबाहेरच्या गॅलरीत पाण्याची बादली आणि दोन कानांचे पितळी भांडे आणून ठेवले होते. बादलीला जागा सापडली ती महाळुंगाच्या कुंडीशेजारची. पुढे जे घडले त्यात काकूंचा दोष असलाच तर एवढाच. आणि तोही म्हणवत नाही, कारण गॅलरी अरुंद होती आणि बादली दुसरीकडे कोठेही ठेवली असती तरी कोणीतरी तिच्यावर अडखळून पडलेच असते.

मंगळवारी दुपारी दोघी बहिणींतल्या थोरलीला मूठमाती देऊन माणसे एकामागून एक जिना चढून आली. प्रत्येकाने भांडे भरले, आधी उजव्या हातावर पाणी ओतले, मग डाव्या, पुन्हा उजव्या; आणि फरशी निसरडी होऊ नये म्हणून प्रत्येकाने हात कुंडीवर धरले. 'पाणी तरी वाया कशाला घालवा,' असे कोणी म्हणालेही. थोड्या वेळाने कुंडीच्या बुडातून गढूळ ओघळ निघून जिन्याकडे सरकू लागला. काकूंनी घाईघाईने वरून आपले खोल घमेले आणले, बहिणींच्या चुलतभावाने, ज्याला सगळे लांब्या म्हणत, कुंडी कवेत घेऊन उचलली, आणि घमेले खाली सरकले. ओघळ थांबला. काकूंना बरे वाटले.

आत, दिवाणखान्यात, धाकटी जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. ती अठ्ठावन्न वर्षांची होती, पण सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराची, सगळी मंडळी तिला धाकटीच म्हणत आली होती. आणि थोरली गेल्यावर ही आता कोणाची धाकटी, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला सुचला नव्हता. आरशावर चादर टाकलेली होती. तिच्या सदऱ्याची गळ्यापाशी रीतीप्रमाणे फाडलेली शिवण उसवून लोंबत होती. दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवणे हा तिचा व्यवसाय. रोज मेण, प्लास्टर आणि परक्यांचे दात हाताळणाऱ्या तिच्या बोटांना रिकामे राहण्याची सवय नव्हती. पण शोकाचे सात दिवस बसण्याचे असतात. त्यात काम करायचे नाही, मातीला हात लावायचा नाही, स्वयंपाकही शेजाऱ्यांनी आणायचा.

आणखी एक नियम असतो. शोकातल्या माणसाने आपण होऊन तोंड उघडेपर्यंत भेटीला आलेल्याने एक अक्षर बोलायचे नाही. नियम दयेपोटी झालेला आहे; ज्याचे माणूस गेले त्याच्यावर कोणी शब्दांचा मारा करू नये, एवढाच त्यामागचा हेतू. या मंडळीत तो इतका काटेकोरपणे पाळला जाई, की जाताना म्हणायचे सांत्वनाचे वाक्यसुद्धा लोक मनातल्या मनात म्हणत. धाकटीला हा नियम लहानपणापासून ठाऊक होता. त्याचा असाही उपयोग करता येतो, हे मात्र तिला पहिल्याच संध्याकाळी समजले.

संध्याकाळी प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले, प्रार्थना झाली, आणि बहिणींना भाऊ नसल्यामुळे प्रार्थना चालवणाऱ्या हझानने आपल्या किरट्या आवाजात थोरलीसाठी कद्दीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हटला. मग सगळे भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांवर बसले आणि तिच्याकडे पाहू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिले. वरच्या काकूंचे ओठ उघडले, मिटले. मंडळीच्या सचिवांनी, घड्याळकाकांनी, घसा खाकरला. ती बोलेल आणि मग आपल्याला बोलता येईल, याची वाट पाहणारे ते चेहरे तिने एकेक करून न्याहाळले, आणि तिच्या ध्यानात आले की तिने तोंड उघडले नाही तर यांच्यापैकी एकालाही आपले मन हलके करता येणार नाही.

'दहा महिने होते तुमच्याकडे बोलायला,' ती मनात म्हणाली. 'आता बसा मूग गिळून.'

दहा महिने थोरली या घरात अंथरुणावर होती, आणि या जिन्याने कोणी वर आले नव्हते. म्हणजे काकू येत-जात होत्याच, पण त्या त्यांच्या घरी.

कारण महाळुंगाचे होते. शरद ऋतूतल्या मांडवांच्या सणाला या लोकांना महाळुंगाचे फळ लागते. खजुराच्या पात्याच्या जुडीबरोबर ते हातात धरून बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायची असते. फळ निर्दोष असावे लागते आणि झाड मुळापासून महाळुंगाचेच असावे लागते. लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या झाडाचे फळ दिसायला कितीही सुरेख असले तरी चालत नाही. मंडळीचे फळ दरवर्षी दूरच्या एका बागेतून खोक्यात येई. मंडळीचे सचिव घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय करीत, म्हणून त्यांना घड्याळकाका म्हणत. तेच डोळ्याला भिंग लावून फळावर डाग आहे का, देठ शाबूत आहे का, हे तपासत आणि निकाल देत. त्या फळाने सण साजरा झाला की थोरली त्यातल्या बिया मागून आणी. ती शाळेत शिवण शिकवायची. तिने शिवणाच्या चिकाटीने त्या बिया रुजवल्या, जळाल्या त्या फेकल्या, एक रोप जगले, ते वाढवले. झाडाची पहिली तीन वर्षे फळ वर्ज्य असते. या झाडाला पुढेही बराच काळ काही लागले नाही. दोन वर्षांपूर्वी पहिले फळ आले. ते तिने रुमालात गुंडाळून सिनेगॉगमध्ये नेले.

घड्याळकाकांनी ते भिंगाखाली धरले, फिरवले, परत दिले.

"फळ छान आहे. पण कलम नाही कशावरून?"

"बी तुमच्याच फळातलं आहे, काका. तुमच्या हातून घेतलंय."

"बी आमचं असेल. रोप मरायला टेकलं की लिंबावर बांधतात सगळे. कुंडीत तर बांधतातच."

"मी नाही बांधलं."

"तू म्हणतेस."

"मी म्हणते. पटत नसेल तर घरी या आणि खोड बघा. ते भिंग घेऊन या."

"आता काय दारोदार खोडं तपासत हिंडू? आणि तुझ्या एकटीच्या शब्दावर सगळ्या मंडळीची बराखा टांगायची होय?"

कोणीतरी हसले होते. थोरलीने फळ रुमालात बांधले, घरी आणले, आणि ती पुन्हा तेथे गेली नाही. मंडळीला वाटले राग आहे, निवळेल. मग दुखणे आले. आणि भांडण मिटवल्याशिवाय आजाऱ्याला भेटायला जायचे कसे, या संकोचात एकेक आठवडा गेला. आजारी माणसाची विचारपूस करणे हे त्यांच्यात मोठे पुण्याचे काम मानतात. ते पुण्य इतके मोठे होते की कोणालाच ते पेलवले नाही.

धाकटीने तोंडाला कुलूप लावले ते असे.

स्टुलावर बसल्यावर तिला खिडकीतून गॅलरी दिसे आणि गॅलरीत ते झाड. कमरेहून थोडे उंच, काटेरी, फांदीच्या टोकाला एकच फळ, अजून हिरवे, कोंबडीच्या अंड्याएवढे. सणाला दोन महिने होते. शेवटच्या आठवड्यात थोरलीने खाट खिडकीशी ओढून घेतली होती ती ते पाहण्यासाठी.

बुधवारी सकाळी प्रार्थना आटोपून हझान बाहेर पडला, दाराशी थबकला, भांडे बादलीत बुडवले आणि कुंडीत ओतले. त्याच्यामागून आलेल्याने तेच केले. बोलता येत नाही, नुसते उठून जायला पाय निघत नाही, आणि समोर गेलेल्या बाईच्या हातचे झाड. जाता जाता काहीतरी करून जावे असे प्रत्येकाला वाटे. संध्याकाळी काकूंनी बादली पुन्हा भरून ठेवली. गुरुवारपर्यंत ती जणू रीतच झाली. काही जण ओठांतल्या ओठांत पुटपुटत ओतत. ते सांत्वनाचे वाक्य असावे, असे धाकटीला वाटले.

महाळुंगाला ओल सोसत नाही. थोरली कुंडीत बोट दोन पेरांपर्यंत घालून पाही. ओलसर लागले की हात जोडून मागे फिरे. "झाडं तहानेनं मरत नाहीत गं," ती म्हणे, "कौतुकानं मरतात." खाली घमेले आहे आणि त्यात पाणी साचून आहे, हे धाकटीला काकूंनी घमेल्याभोवतीचा ओघळ पुसायला उंबऱ्यात फडके फिरवले तेव्हाच कळले होते. पहिल्या दिवशी ती स्वतःला म्हणाली, एका दिवसाने काय होते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाने अजून ताठ आहेत. एक वाक्य पुरले असते. 'पाणी घालू नका.' पण ते वाक्य घरातून बाहेर पडले की त्या भिंतीलगतच्या सगळ्या खुर्च्यांना वाचा फुटणार होती. ताई किती सोशीक होती, ताईचा हात किती हलका होता, देवाला चांगलीच माणसे लागतात. वरातीमागून निघालेली ही सगळी घोडी दिवाणखान्यात घुसणार होती. आणि तिला रीतीप्रमाणे मान डोलवावी लागणार होती.

शुक्रवारी सकाळी घड्याळकाका सर्वांच्या मागे रेंगाळले. गॅलरीत जाऊन त्यांनी खिशातून भिंग काढले, डोळ्याला लावले, आणि गुडघे टेकून ते कुंडीवर वाकले. धाकटी पाहत होती. फळाकडे त्यांनी पाहिलेही नाही. खोड जेथे मातीतून वर येते तेथे त्यांनी अंगठ्याने चिखल बाजूला सारला आणि वीतभर सालीवरून नजर फिरवली. मग दुसऱ्या बाजूने. मग पुन्हा पहिल्या. कलम असते तर तेथे गाठ असती, सालीचा रंग बदलला असता. ते उठले तेव्हा गुडघ्यांवर ओल्या मातीचे डाग होते. ते खिडकीपाशी आले, भिंग हातात तसेच, आणि तिच्याकडे पाहत उभे राहिले.

त्यांना काय म्हणायचे आहे हे तिला दिसत होते. म्हणता येत नाही हेही दिसत होते. तिने त्यांच्याकडे पुरते पाहिले, आणि नजर खाली मांडीवर घातली. आठवडाभरात तिला काही गोड लागले असेल तर ती एक घटका. काका वळले, त्यांनी भांडे काठोकाठ भरले आणि सावकाश, धार न तोडता, झाडावर ओतले. तिने तेही होऊ दिले.

शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे शब्बाथला, शोक उघडपणे पाळत नाहीत. ती स्टुलावरून उठली, न फाटलेला सदरा घातला, सिनेगॉगमध्ये गेली, बायकांच्या बाजूला बसली आणि परत आली. शब्बाथला झाडांना पाणी घालणेही वर्ज्य. त्यामुळे त्या दिवशी भांडे बादलीत पालथे पडून होते. ती झाडापाशी गेली. पाने देठातून लुळी पडून खाली वळली होती, तहानलेल्या झाडाची वळतात तशी. मातीला आंबूस वास होता. घमेले उपसणे हेही काम. ते आज करायचे नाही आणि उद्या शोकात करायचे नाही. एक दिवस तरी कोरडा जातोय, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि आत गेली.

रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर लांब्याने एक भांडे ओतले, आणि दुसरे भरले. काकूंनीही दोन ओतली. हझाननेही. धाकटीला आधी काही उमगेना. मग उमगले. काल शब्बाथ होता, काल पाणी राहिले होते, आणि पानेही मलूल दिसत होती. म्हणून सगळे कालचे आज भरून काढत होते.

दिवसभरात तीन पाने गळाली. ती फरशीवर पडल्याचा आवाज होत नव्हता, पण धाकटी तिकडेच पाहत होती.

संध्याकाळी प्रार्थना झाली, कद्दीश झाला, नेहमीची शांतता झाली. घड्याळकाका उठले, दाराबाहेर गेले, आणि त्यांनी भांडे भरले.

"काका, पुरे."

सहा दिवस न वापरलेला तिचा आवाज घोगरा निघाला. काकांचा हात हवेत राहिला. भांड्यातून थेंब गळत होते.

"काय म्हणालीस?"

"पाणी पुरे. मारताय तुम्ही त्याला."

"बोलली गं बाई!" वरच्या काकू ओरडल्या आणि त्यांना रडू कोसळले. "बोलली एकदाची! मला वाटलं हिची वाचाच गेली."

आणि बांध फुटला. ती जशी कल्पना करत होती तसेच सगळे झाले. ताईसारखी बाई होणे नाही. किती सोसले तिने. देवाघरी चांगल्यांनाच बोलावणे येते. माझ्या पोरीचा लग्नाचा पोशाख तिनेच शिवला होता, एक टाका वाकडा नाही. कोणी तिचा हात धरला, कोणी पाण्याचा पेला पुढे केला. तिने दोन्ही बाजूला सारले.

"नंतर रडा. आधी झाड काढा कुंडीतून. आत्ता."

"शोकाच्या घरात मातीकाम?" काका म्हणाले.

"ती कुठं करतेय? आपण करायचं," हझान म्हणाला. "नुकसान होत असेल तर दुसऱ्यानं केलेलं चालतं."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलंय. दाखवू?"

"नको रे बाबांनो," लांब्या बाह्या सरसावत म्हणाला, "तुमचं पान सापडेपर्यंत इथं लाकूड उरेल. धाकटे, सांग. कसं धरू?"

तिने स्टूल दारापर्यंत ओढले आणि तेथे बसून सांगितले. तिच्या हातांना बंदी होती, म्हणून प्रत्येक हालचाल शब्दांत सांगावी लागली. खोड बुडाशी धर. कुंडी आडवी कर. ओढू नकोस, काकू, तुम्ही कुंडीला थापटा. असं नाही, बाळाची पाठ थोपटतात तसं. घमेल्यातले पाणी काळे झाले होते आणि सडक्या अंड्याचा वास गॅलरीभर पसरला. मातीचा गोळा बाहेर आला. हझानने हलक्या हाताने माती झाडली, आणि एका मुळाची साल मोज्यासारखी सुटून त्याच्या बोटांत आली. आत नुसता दोरा राहिला.

"हे असं असतं का?" त्याने विचारले.

"नाही."

थोरलीच्या शिवणाच्या कात्रीने लांब्याने सडलेली मुळे कापली. कापता कापता मूळ मूठभरही उरले नाही.

"आता फळ काढा," धाकटी म्हणाली.

"फळ?" काका पुढे झाले. "फळ राहू दे गं. दोन महिने तर राहिलेत सणाला."

"एवढ्या मुळावर फळ नाही पोसायचं ते. फळ ठेवलं तर झाड जाईल."

"अगं पण मी ठरवलं होतं... सगळ्यांसमोर यंदा त्याच फळावर..." त्यांनी खिशातले भिंग चाचपले. "मी शुक्रवारी खोड बघितलं."

"बघितलंत. मी बघत होते."

"कलम नाहीये. कुठंच नाहीये."

"हो."

"तिचं खरं होतं."

"तिला ठाऊक होतं, काका, तिचं खरं आहे ते. तुम्हाला सांगायचं होतं तर ती होती की इथं, खिडकीशी. जिना तेव्हाही हाच होता."

कोणी काही बोलले नाही. बोलण्याची मुभा आता सगळ्यांना होती. काकू पायरीवर मटकन बसल्या.

"मी तर वरच राहते गं," त्या म्हणाल्या. "रोज तुमच्या दारावरून जायचे. तुम्हाला चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन चढायचे. एकदा दार वाजवायला हात उचलला होता, खरं सांगते. पण आत जाऊन आधी काय बोलायचं तेच सुचेना."

"ठाऊक आहे आम्हाला. ताई म्हणायची, ऐक, काकूंनी आज पण चपला काढल्या. आणि हसायची. हसलं की दुखायचं तिला, तरी हसायची."

काकूंनी तोंडावर हात घेतला.

"काका," धाकटी म्हणाली, "कात्री घ्या."

फळ काकांनीच कापले. देठ शाबूत राहील असे, सवयीने.

सोमवारी सकाळी मंडळी आली, हझानने तिला "ऊठ" म्हटले, आणि रीतीप्रमाणे सगळे तिला घेऊन इमारतीला एक फेरी मारून आले. सात दिवस संपले. त्यानंतर महिनाभर कोणी ना कोणी रोज येत राहिले. कोणी भाकरी-भाजी नाही तर नुसती फळे आणी, कोणी आपली तुटकी कवळी घेऊन येई आणि निमित्त न लपवता बसे. काकू चहा घेऊन खाली येत आणि चहा संपला तरी बोलत राहत. धाकटी कवळ्यांच्या प्रयोगशाळेतून थकून येई. कधी कधी तिला वाटे, शोकाचा तो मुका आठवडा बरा होता. तरीही संध्याकाळी ती दाराची कडी लावत नसे. लावावी असे वाटले, त्या दिवशीही लावली नाही.

नव्या कुंडीत, कोरड्या मातीत झाड उभे होते. पाने सगळी गळाली होती. कोणीही आले की आधी गॅलरीत थांबे, कुंडीकडे पाही, हात मागे बांधून घेई आणि मग आत येऊन विचारी, "काही फुटलं?" ती नखाने साल खरवडून पाही. पहिल्या आठवड्यात फांदीच्या टोकाला तपकिरी होते, जाड फांदीत हिरवे. पुढल्या आठवड्यात जाड फांदीही तपकिरी. मग खोड.

महिन्याची प्रार्थना झाली त्या संध्याकाळी सगळे गॅलरीत दाटीवाटीने उभे होते. तिने त्या शुक्रवारी काकांनी जेथे चिखल सारला होता तेथेच, अगदी मातीलगत, नख रोवले. खालची साल कोरडी होती. पापुद्रा निघून पडला.

"गेलं," ती म्हणाली.

"अजून वाट बघूया," लांब्या म्हणाला.

"बघून काय करशील?"

"फळातल्या बिया आहेत ना," काकू म्हणाल्या. "काकांनी जपून ठेवलंय. पुन्हा लावू. आपण सगळे मिळून..."

काकांनी खिशातून रुमालात बांधलेली पुडी काढली. फळ त्यांनी आधीच चिरून पाहिले होते. कोवळ्या गराच्या आत बिया होत्या, पण पांढऱ्या, मऊ, आत काहीही न धरलेल्या. त्यांनी एक बोटांत दाबली; तिचे पाणी झाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या अधिकच रडू लागल्या, आणि मग त्यांची समजूत घालण्यात बरीच संध्याकाळ गेली.

"मी पत्र टाकलंय तिकडच्या बागेला," जाताना काका खालच्या आवाजात म्हणाले. "दरवर्षीसारखं. काय करणार?"

सण आला. सिनेगॉगच्या अंगणात फांद्यांच्या छताचा मांडव उभा राहिला. सकाळच्या प्रार्थनेनंतर काकांनी खोके उघडले, तागाच्या गादीतून फळ काढले, भिंगाखाली धरले, फिरवले. फळ पिवळेधमक होते, डाग नव्हता. रांग लागली. काकांनी रांगेत मागे उभ्या असलेल्या धाकटीला बोलावून पुढे आणले.

"यंदा पहिली तू घे. सगळ्यांचं ठरलंय."

ती फळाकडे पाहत राहिली.

"हे बिनकलमी कशावरून, काका?"

काकांनी खोक्याकडे बोट केले.

"खोक्यात दाखला येतो गं. सही असते तिथल्या माणसाची."

"तुम्ही भेटलाय त्याला?"

"नाही."

"झाड बघितलंय?"

"कसं बघणार? कुठं ती बाग, कुठं आपण."

"म्हणजे त्याच्या शब्दावरच."

काकांनी दाखल्याच्या कागदाकडे पाहिले. फळ त्यांच्या तळहातावर तसेच होते. धाकटीच्या मागे काकू होत्या, लांब्या होता, हझान होता. सगळे थांबले होते, आणि ती हललीच नसती तर सगळे तसेच थांबून राहिले असते. तिला ते आता पुरते माहीत झाले होते. तिने फळ घेतले, खजुराच्या पात्याच्या जुडीजवळ धरले, बराखा म्हटली. शब्द लहानपणापासूनचे, ते आपोआप आले. मग मागे वळून तिने ते काकूंच्या हाती दिले, आणि रांगेतून बाजूला झाली.